एका ओढीत सुटणारी गाठ

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली म्हणून रविवारी दुपारी सगळे जमलेत, असं आईने शेजारणीला सांगितलं होतं. पट्टी खरं तर शुक्रवारीच निघाली होती. पण तिन्ही मुलं एका वेळी घरात यायला काहीतरी निमित्त लागतं, आणि कारखान्याचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून बाबांचा डोळा पुढे केला गेला. बाबांना ते कळत होतं. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ते खिडकीशी बसले होते आणि येईल त्याला "आलास? बस," एवढंच म्हणत होते.

आईने पुन्हा चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून आपल्या पोरांकडे पाहिलं. दादा, तिचा थोरला, दाराजवळ स्टुलावर बसून स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. ताई पलंगाच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन. बसून दोन तास झाले तरी ही पोरगी पर्स खाली ठेवत नाही, जणू बसस्टॉपवर आली आहे. बारक्या फरशीवर कपाटाला टेकून मोबाइल उघडझाप करत होता. लहानपणी हे तिघं एका ताटाभोवती भांडायचे, ते बरं होतं असं आईला वाटलं. आता भांडतही नाहीत, नुसते एकमेकांना टाळून बसतात.

घरातली ही तिसरी पिढी खोक्यांच्या कारखान्यात होती. आजोबांनी तिथे पुठ्ठ्याचे गठ्ठे वाहिले, बाबांनी तीस वर्षं पुठ्ठा दाबून कापायचं यंत्र, म्हणजे पंच चालवला, आता दादा पंच विभागाचा सुपरवायझर आणि बारक्या पंचावर. एकटी ताई शिकून बाहेर पडली, आणि पडली ती थेट सरकारी कामगार निरीक्षक म्हणून. भाऊ तिथे आहेत हे तिने पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगून टाकलं होतं, त्यामुळे हा कारखाना तिच्या टेबलावर येत नसे. शेजारच्या टेबलावर यायचा. आणि दोन टेबलांमधून एक माणूस जाईल एवढीच जागा होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

"गवई कसा आहे?" बाबांनी विचारलं.

गवई म्हणजे तीन नंबरच्या पंचावरचा, काम करताना सतत गुणगुणणारा. मागच्या आठवड्यात त्याची दोन बोटं पंचाखाली गेली होती.

"घरी सोडलंय," बारक्या म्हणाला. "बोलत नाही कुणाशी."

"आणि कंपनी काय म्हणते?"

"कंपनी म्हणते, त्याने स्वतःच्या हाताने यंत्राची सुरक्षेची खिट्टी बांधली होती. त्याचा तोच जबाबदार. भरपाई नाही, वर गैरवर्तन म्हणून बडतर्फी."

दादाच्या बोटाभोवतीची किल्ली थांबली.

"बाबांसमोर कशाला हे आता?" तो म्हणाला. "डोळ्यावर ताण येतो."

"डोळ्यावर ताण बघून येतो," बाबा म्हणाले, "ऐकून नाही येत."

*

आठवडाभर दादाला झोप नव्हती. डोळे मिटले की सहा पंच दिसायचे, ओळीने, आणि प्रत्येकाची जाळी वर.

पंचाला पुढे लोखंडी जाळी असते. ती खाली आल्याशिवाय यंत्राने दाब द्यायचा नाही, म्हणजे हात आत राहत नाही. जाळी खाली आली की एक खिट्टी दाबली जाते, आणि खिट्टी दाबली गेली की यंत्र चालतं. हे झालं पुस्तकातलं. पण दर खोक्याला जाळी खाली, जाळी वर करत बसलं तर दिवसाचा आकडा गाठता येत नाही. म्हणून खिट्टीच सुतळीने दाबून बांधायची. यंत्राला वाटतं जाळी खाली आहे, जाळी असते वर, आणि माणूस मोकळ्या हाताने भराभर पुठ्ठा सारतो. कारखान्यात याला 'मोकळं चालवणं' म्हणत. रोज सकाळी दादा विभागात शिरला की म्हणायचा, "चला रे, मोकळं चालवा." वरच्यांनी कधी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी हवेशीर खिडक्यांबद्दल बोलत होतो.

आणि खिट्टी बांधायची गाठ बाबांची. निरीक्षक दारात आला की सुतळीचं मोकळं टोक एकदा ओढायचं, सगळी गाठ विरघळल्यासारखी सुटायची, सुतळी खिशात आणि जाळी खाली. बाबांनी ती स्वतः शोधली आणि मागेल त्याला शिकवली. त्या गाठीच्या जिवावर त्यांनी एका वर्षी असा आकडा काढला, की कंपनीने सभा घेऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून याच खोलीत चालत होतं. आई दिवाणखान्याच्या दर सफाईला ते पुसायची आणि म्हणायची, कंपनीने किती मान दिला माणसाला.

आता कंपनीला दोन माणसं कमी करायची होती. त्यासाठी सरकारची परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जात कारण दिलं होतं, की सहा जणांचं काम चौघांत होतं. होत होतंच. दादानेच तसे आकडे दिले होते, अभिमानाने दिले होते. ते कशासाठी मागितले हे त्याला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा कपाळावर हात मारण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

शेवटी लागलेला माणूस आधी जातो असा नियम. पंच विभागात सगळ्यात शेवटी लागलेला बारक्या. साहेबांनी दादाला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, फार आपुलकीने सांगितलं होतं, "चौकशीला माणूस कधीही येईल. तो आला त्या दिवशी विभाग स्वच्छ दिसू दे. तुझ्या भावाचं मी बघतो."

स्वच्छ म्हणजे काय ते दादाला समजावून सांगावं लागलं नाही. अपघातानंतर येणारा माणूस थेट यंत्रांपाशी येणार, ऐनवेळी सुतळ्या ओढून भागणार नव्हतं, म्हणून तो कधी येणार हे आधी कळायला हवं होतं. एकदा जाळ्या खाली ठेवल्या की दिवसाचा आकडा पडतो, आणि रोज आकडा पाडून चालणार नव्हतं. एकच दिवस हवा होता, बरोबर तो दिवस.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "तुमच्याकडून कधी येणार आहेत?"

*

ताईला हा प्रश्न येणार हे घरातून निघतानाच माहीत होतं. रिक्षात बसून तिने उत्तराची तालीमही केली होती.

"मला विचारू नकोस, दादा."

"मी नोकरी घालव म्हणत नाही. नुसती मान हलव."

"मान पण नाही."

"अगं, सख्खा भाऊ आहे तुझा!" स्वयंपाकघरातून थोरली वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "परक्यासाठी विचारतोय का आम्ही? यांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे, बारक्याभावजींची नोकरी जायची वेळ आलीय, आणि तुम्ही कायदा धरून बसलात."

"वहिनी, कायदा धरूनच बसायचा पगार मिळतो मला."

हे तोंडातून निघालं आणि ताईला लगेच वाईट वाटलं. ऑफिसात मालकांशी बोलून बोलून जीभ अशी झाली होती. धारदार व्हायची गरज नसेल तिथेही व्हायची.

धाकटी वहिनी कपांचा ट्रे घेऊन आली. ती भांडत नसे. ती ताईसमोर खाली बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत हे कुणाला कळणार नाही. गेल्याच महिन्यात घर बदललं आम्ही. यांना आता दुसरीकडे कोण घेणार? सगळीकडे माणसं कमीच करतायत."

ताईने कप घेतला. तिला आपल्या कामाचा त्या क्षणी मनापासून कंटाळा आला. शहरातल्या तीन कारखान्यांत तिने बाबांची गाठ पाहिली होती. खोक्यांच्या कारखान्यातून सुटलेली माणसं जिथे जिथे गेली तिथे ती गाठ घेऊन गेली. ताई दारातून आत पाऊल टाकायची आणि आतल्या टोकाला कुणीतरी सुतळी खिशात कोंबताना दिसायचं. लहानपणी बाबा तिच्या बुटाची नाडी त्याच गाठीने बांधायचे. संध्याकाळी ती एका ओढीत बूट काढायची आणि बाबा हसायचे.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "आणि कुणी मला पुन्हा विचारू नका. मी उठून जाईन."

"जा की," दादा म्हणाला. "तुला जायला काय? तू केव्हाच गेलीस इथून."

"अरे, काय बोलतोस!" आई लगबगीने मध्ये आली. घरात आवाज चढला की तिचा जीव खालीवर होई, आणि मग सुचेल ते बोलून ती विषय बदलायची. "कुठे जात नाही ती. उलट परवा येणार आहे बाबांना दवाखान्यात न्यायला. मी म्हटलं उद्याच ये, तर म्हणाली, उद्या नको, उद्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलाचे सगळे बाहेर पडणार, मला एकटीला ऑफिस सांभाळायचंय. एवढं काम असून परवा रजा काढतेय बिचारी."

दादाने किल्ली मुठीत घट्ट धरली.

आपण काय बोललो हे आईला बराच वेळ कळलं नाही. ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. ताई रागावली नव्हती. ती फक्त फार दमलेली दिसत होती, आणि आईला रागापेक्षा तेच जास्त लागलं.

"उद्या," दादा म्हणाला. तो स्टुलावरून उठला.

*

बारक्या दारात आडवा उभा राहिला.

"कुठे निघालास?"

"विभागाची किल्ली माझ्याकडे आहे. आज सुट्टी, कुणी नाही तिथे. सगळ्या सुतळ्या काढून येतो."

"काढू नकोस."

दादाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुझ्यासाठी करतोय, गाढवा."

"तेच म्हणतो. माझ्यासाठी करू नकोस." बारक्याचा आवाज बारीकच होता, लहानपणापासून, म्हणून तर हे नाव पडलं होतं. मोठ्याने बोलायला गेला की फाटायचा, म्हणून तो हळू बोलत होता. "उद्या तो माणूस आला आणि सगळ्या जाळ्या खाली दिसल्या, तर काय सिद्ध होतं? इथे सगळे नियमाने चालवतात, एकटा गवईच बांधायचा. झालं. गवईच्या डोक्यावर खापर. आणि त्याच्या दोन बोटांवर मी नोकरी टिकवायची?"

"अहो, काय बोलताय तुम्ही!" धाकटीचा हात ट्रेवरच राहिला.

"आणि टिकणार किती दिवस?" बारक्या तिच्याकडे न बघता म्हणाला. "चौघांत सहा जणांचं काम होतं, ते मोकळं चालवलं म्हणून होतं. जाळी खाली ठेवली तर सहाच माणसं लागतात. हे त्या निरीक्षकाला कधी कळणार? सुतळ्या बघितल्या तरच कळणार ना? आपणच भराभर चालवून दाखवलं, दादा. आपणच आपल्याला जास्तीचे ठरवलं."

"सुतळ्या सापडल्या तर तुम्हा पाचही जणांवर गैरवर्तन लागेल. त्याचं काय?"

"लागेल."

"आणि माझ्यावर सगळ्यात आधी."

बारक्याने मान खाली घातली. याच भावाने त्याला सायकल शिकवली, फी भरली, साहेबांच्या हातापाया पडून पंचावर लावलं. त्या भावाला तो दारात अडवून तोंडघशी पडायला सांगत होता.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

बारक्या बाजूला झाला. भांडून अडवायची त्याच्यात ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती, पण ते त्याने सांगितलं नाही.

"थांब," खिडकीजवळून आवाज आला. बाबा खुर्चीचा हात धरून उठत होते. "मी येतो."

"तुम्ही कशाला? डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केलीय," आई म्हणाली.

"आयुष्यभर त्याच धुळीत होतो," बाबा म्हणाले आणि चपला पायाने शोधू लागले.

*

वॉचमनने बाबांना पाहून स्टूल पुढे केलं, पण ते थांबले नाहीत. विभागात पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा वास कोंडला होता. दादाने दिवे लावले. सहा पंच उभे होते. तीन नंबरचा एकटाच घासून पुसून चकचकीत केलेला, जाळी खाली. त्याची सुतळी साहेबांच्या टेबलाच्या खणात होती, गवईविरुद्धचा पुरावा म्हणून.

बाबा दादाच्या मागे, भिंतीला हात लावत, सावकाश येत होते.

दादा एक नंबरपाशी वाकला. खिट्टीवर सुतळी होती. मोकळं टोक चिमटीत धरून त्याने ओढलं.

सुटलं नाही.

त्याने पुन्हा ओढलं, जोर लावून. सुतळी बोटात रुतली. तो दोन नंबरकडे गेला. तिथेही तेच. चार, पाच, सहा. एकही गाठ हलेना.

"बाबा, जरा बघा हो. यांना झालंय काय?"

बाबांनी काळा चष्मा कपाळावर चढवला आणि एक नंबरच्या गाठीजवळ डोळा नेला. मग बोटांनी चाचपून पाहिलं. मग दोन नंबर. एकेका यंत्रापाशी ते बराच वेळ घेत होते.

"ही माझी नाही," ते म्हणाले. "ही पक्की गाठ आहे. ही बघ, पार्सलला मारतात तशी, एकावर एक. ही कुणी तरी दातांनी आवळलीय. ही..." ते सहा नंबरपाशी थांबले. तो बारक्याचा पंच होता. "ही नाडीची दुहेरी गाठ. याला माझी कधी जमलीच नाही नीट."

दादा उभाच राहिला. शनिवारी सुट्टी झाल्यावर पाचही जण रेंगाळले होते ते त्याला आता आठवलं. झाडलोट करतोय म्हणाले होते. प्रत्येकाने आपापल्या हाताने बांधली होती, जशी ज्याला येते तशी, कधीही कुणीही आलं तरी सुटू नये म्हणून. आणि सापडलं की प्रत्येकाची नोकरी जाऊ शकते हे प्रत्येकाला माहीत होतं. त्याला कुणीच सांगितलं नाही. बारक्यानेसुद्धा नाही. इतक्या वर्षांत तो साहेबांच्या बाजूला कधी जाऊन बसला हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

खिशात कटर होता. खोक्यांच्या कारखान्यात कटर प्रत्येकाच्या खिशात असतो. त्याने तो काढला आणि पातं पुढे सरकवलं.

"कापणार?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही काय केलं असतंत?"

बाबा एक नंबरच्या लाकडी पाटावर बसले, जिथे ते तीस वर्षं बसले होते.

"मी कापलीच असती," ते म्हणाले. "मी तुला खोटं कशाला सांगू? निरीक्षक आला की ओढायची, गेला की बांधायची. मला फार हुशार वाटायचं. लोक शिकायला यायचे. तो घड्याळ देण्याचा दिवस आठवतो तुला? तू माझ्या मांडीवर होतास, टाळ्या वाजवत होतास." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "गवईला मीच शिकवली होती रे. पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, पोरा, बोटं सांभाळ आणि सुतळी सांभाळ. दोन्ही सांभाळता येतं असं वाटलं मला."

दादाला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तो यंत्रांकडे बघत राहिला. मग तो वळला आणि कोपऱ्यातल्या आपल्या कपाटापाशी गेला. आत सुतळीचे गुंडे होते. दर सोमवारी सकाळी प्रत्येक पंचाला एक, हे वाटप तोच करायचा, स्वतःच्या हाताने. कशासाठी हे कुणी कधी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही. पंचावर सुतळीचं दुसरं कामच नसतं.

त्याने सगळे गुंडे काढले आणि सुपरवायझरच्या टेबलावर, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसतील असे मांडून ठेवले. शेजारी कटर ठेवला, पातं आत सरकवून. मग कपाट उघडंच सोडलं.

"उद्या विचारलं, सुतळी कोण देतं, तर?" बाबा म्हणाले.

"मी देतो. दुसरं कोण देणार?"

दादाने बाबांना हात दिला. उठताना त्यांचं सगळं वजन त्याच्या हातावर आलं, आणि ते फार कमी होतं. दिवे मालवून, दाराला कुलूप घालून दोघं फाटकाशी आले. वॉचमनने फाटक उघडलं.

स्कूटरवर मागे बसताना बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आई विचारेल, काय झालं म्हणून. काय सांगायचं?"

दादाने किल्ली लावली, पण स्कूटर लगेच सुरू केली नाही.

"सांगा," तो म्हणाला, "सुटल्या नाहीत."